दंडाचे राज्य

दंडाचे राज्य : धुळीच्या पावसाखाली गाडले गेलेले पुराणकथेतील राज्य. याच्या ओसाड भूमीला दंडकारण्य हे नाव पडले आणि तपस्वी जिथे राहिले त्या जागेला जनस्थान. नाशिकच्या जुन्या नावांमध्ये जनस्थान येते. रामकथा सांगताना नाशिककर पंचवटीपासून सुरुवात करतात, त्यामुळे त्याआधीची ही कथा मागे पडते.

तिचा सर्वांत सविस्तर पाठ वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात आहे. शंभर योजने पसरलेल्या रानात पशू नाही, पक्षी नाही, असे का, हे राम अगस्त्यांना विचारतो आणि अगस्त्य ही हकिकत सांगतात. इक्ष्वाकूच्या शंभर मुलांपैकी सर्वांत धाकटा मूढ होता, विद्या शिकला नव्हता, थोरांना जुमानत नव्हता. याच्या अंगावर कधीतरी दंड कोसळणारच, असे ओळखून बापाने त्याचे नावच ‘दंड’ ठेवले. विंध्य आणि शैवल या पर्वतांमधला प्रदेश त्याला तोडून दिला. दंडाने तिथे मधुमंत नावाची राजधानी वसवली आणि उशना म्हणजे शुक्राचार्यांना पुरोहित नेमले. राज्य पुष्कळ वर्षे नीट चालले. या भरभराटीच्या काळाबद्दल रामायण फारसे काही सांगत नाही.

चैत्र महिन्यात दंड गुरूच्या आश्रमात गेला. तिथे शुक्राचार्यांची मुलगी अरजा एकटी होती. तिने त्याला स्पष्ट सांगितले : मी तुझ्या गुरूची मुलगी आहे, हवी असेन तर वडिलांकडे मागणी घाल, ते रागावले तर त्रैलोक्य जाळतील. दंडाने ऐकले नाही. त्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तो राजधानीत निघून गेला. भुकेलेले शुक्राचार्य शिष्यांसह परतले तेव्हा मुलगी दीनवाणी उभी होती, धुळीने माखलेली. ‘अरजा’ म्हणजे जिला रज, धूळ लागलेली नाही ती. कवीने या एका शब्दावर सगळी कथा तोलली आहे. जी धूळ तिच्या अंगावर दिसली, तीच सात रात्रींत राज्यावर बरसेल, असा शाप शुक्राचार्यांनी दिला. आश्रमवासीयांना त्यांनी हद्दीबाहेर जायला सांगितले. अरजेने मात्र तिथेच, योजनभर पसरलेल्या सरोवराकाठी राहायचे होते. त्या रात्री जे प्राणी तिच्याजवळ असतील त्यांना धुळीचा पाऊस मारणार नाही, असेही ते म्हणाले. अरजा दुःखाने ‘बरे’ म्हणाली. सात दिवसांत राज्याचे भस्म झाले.

बापाने मुलीला शापाच्या भूमीतच ठेवावे, हे वाचताना खटकते आणि खटकायलाच हवे. पण वाचवण्याची शक्ती कथेने राजाच्या वा ऋषीच्या नव्हे, तर तिच्या सान्निध्यात ठेवली आहे. दंडाच्या पतनाची कथा सांगताना तिला ‘शुक्रकन्या’ एवढ्यावर सोडून देणे म्हणूनच चुकीचे आहे.

अरण्यकांडातले चित्र वेगळे आहे. तिथे तेच अगस्त्य रामाला कंदमुळांनी आणि हरणांनी भरलेली पंचवटी सुचवतात. उत्तरकांड मागाहून जोडले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. निर्जन रान आणि फळाफुलांची पंचवटी यांचा मेळ बसत नाही, त्याचे कारण हेच असावे.

या राज्याची आठवण रामायणापुरती नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात इंद्रियजयाच्या प्रकरणात दांडक्य नावाच्या भोजवंशी राजाचा दाखला येतो : ब्राह्मणकन्येची अभिलाषा धरली आणि तो आप्तांसह, राष्ट्रासह बुडाला. पाली जातककथांमध्ये राजा दंडकी, राजधानी कुंभवती. तिथे अपराध निराळा आहे. किसवच्छ या तपस्व्याच्या अंगावर थुंकून, दातवण फेकून आपले ग्रह फिरतात असा समज आधी एका गणिकेचा होतो, मग पुरोहिताचा, शेवटी खुद्द राजाचा. साठ योजनांचे राज्य नाश पावते आणि त्यावर वाळू पसरते. याच जातकात शरभंग ऋषीचा आश्रम गोदावरीकाठी सांगितला आहे. जैन रामकथेत मुनींना घाण्यात पिळणारा राजा दंडक पुढच्या जन्मी जटायू होतो. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायू पडला, अशी श्रद्धा आहे. जैन कथा आणि टाकेदची श्रद्धा एकत्र ठेवली तर नगर उजाड करणारा राजा त्याच रानात सीतेसाठी पंख गमावतो. दंडाला एवढा उदार शेवट दुसऱ्या कोणत्याही परंपरेने दिलेला नाही.

कथेला उत्खननाचा आधार शोधू नये. नाशिकच्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगापासूनचे थर मिळाले, भस्म झालेली राजधानी नव्हे. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडू लागल्या, त्यामागे वाढता कोरडेपणा असावा, असे म. के. ढवळीकर यांनी मांडले. ही माहिती स्वतंत्रपणेच मोलाची आहे, तिला शापाची जोड नको.

दंडकारण्याच्या सीमा ग्रंथागणिक बदलतात. आज हे नाव मुख्यतः बस्तर आणि लगतच्या ओडिशातील जंगलप्रदेशासाठी वापरतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९५८ मध्ये सुरू झालेला दंडकारण्य प्रकल्प तिकडचाच. नाशिकमध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान हा साहित्य पुरस्कार १९९१ पासून दर दोन वर्षांनी दिला जातो. पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला.

नाव रोजच्या जिभेवर राहिले ते मात्र पूजेच्या संकल्पात. रामकुंडावर पाणी सोडताना गुरुजी ‘दंडकारण्ये देशे’ म्हणतात आणि पुढे तीर सांगतात : पंचवटीच्या बाजूला ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’, नाशिक गावठाणात ‘दक्षिणे तीरे’. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन या नेहमीच्या यात्राक्रमात अरजेचे सरोवर येत नाही.