हातवारे

बोलताना किंवा बोलण्याच्या जागी, काही सांगण्यासाठी होणाऱ्या हातांच्या व बोटांच्या हालचाली. डोके खाजवणे, बटणाशी चाळा करणे अशा हालचाली यांत धरत नाहीत, कारण त्यांतून बोलणाऱ्याला काही कळवायचे नसते.

काही हातवारे म्हणजे समाजात रूढ झालेल्या खुणा असतात. ओठांवर बोट ठेवून गप्प करणे, निरोप देताना हात हलवणे या त्यांतल्या ओळखीच्या. त्या शिकाव्या लागतात, शब्दांवाचून कळतात आणि मुलूख बदलला की त्यांचा अर्थही बदलतो. अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ अमेरिकेत ‘सगळे ठीक’ असे सांगते, जपानमध्ये पैसे सुचवते आणि ब्राझीलमध्ये अश्लील ठरते.

खरे कुतूहल वाटावे असे हातवारे मात्र वेगळे आहेत. बोलण्याच्या ओघात ते आपोआप होतात आणि करणाऱ्याच्या बहुधा लक्षातही येत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९९२ मध्ये त्यांची मांडणी केली. वस्तूचा आकार किंवा हालचाल रेखाटणारे, अमूर्त कल्पनेला जणू हातात धरणारे, दिशा दाखवणारे आणि बोलण्यातल्या जोराबरोबर ठेका धरणारे असे प्रकार त्यांनी सांगितले. ‘तो वर गेला’ असे म्हणताना एखाद्याचे बोट गोल गोल फिरत वर जाते. जिना वळणाचा होता हे शब्दांत कुठेच नसते, तरी ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते. हाताची मुख्य हालचाल संबंधित शब्दाच्या बरोबरीने किंवा किंचित आधी होते. म्हणजे हात शब्दांची वाट पाहत नाही. म्हणूनच हातवाऱ्यांना बोलण्याची सजावट मानणे अपुरे आहे.

समोरचा पाहत नसतानाही, उदाहरणार्थ फोनवर, माणसे हात हलवतात. याहून ठोस पुरावा १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जना आयव्हर्सन व सुसान गोल्डिन-मेडो यांनी दिला. ज्यांनी कधीच कोणाचे हातवारे पाहिलेले नव्हते अशी जन्मांध मुले बोलताना हातवारे करत होती, आणि ऐकणाराही अंध आहे हे ठाऊक असताना करत होती. हातवारे ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडतातच, पण बोलणाऱ्याच्या विचारालाही ते हातभार लावतात, असे यावरून म्हणता येते.

शिक्षकांनी तर याची दखल घ्यायलाच हवी. उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले की लहान मूल म्हणते, ‘कमी झाले, कारण हे बुटके आहे.’ पण हे सांगताना कधी कधी त्याचे हात भांड्याची रुंदी दाखवत असतात. तोंडाने सांगितलेले आणि हाताने दाखवलेले असे वेगळे निघते, तेव्हा भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते ही संकल्पना शिकायला ते मूल तयार असण्याची शक्यता जास्त असते, असे प्रयोगांत दिसले आहे. फक्त उत्तर ऐकणाऱ्याच्या हातून ही वेळ निसटते. त्याआधीही, साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, मूल बोट दाखवून लक्ष वेधू लागते. ज्या वस्तूंकडे ते बोट दाखवते, त्यांची नावे पुढे त्याच्या बोलण्यात येण्याची शक्यता अधिक असते.

हातवाऱ्यांची ढब रक्तातून येते, हा दावा वंशवादी लेखकांनी केला होता. हातवाऱ्यांचे अभ्यासक डेव्हिड एफ्रॉन यांनी १९४१ मध्ये तो खोडून काढला. न्यूयॉर्कमधील इटालियन व ज्यू स्थलांतरितांच्या हातवाऱ्यांत स्पष्ट फरक होता, पण अमेरिकन समाजात मिसळलेल्या त्यांच्या वंशजांत तो बराच पुसला गेला होता. संस्कृतीची छाप विचारांच्या मांडणीपर्यंत जाते: अँडीज पर्वतातील आयमारा भाषक भूतकाळासाठी समोर आणि भविष्यासाठी पाठीमागे हात नेतात.

कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषा हातवाऱ्यांत मोजू नयेत. अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे हे भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवले. मात्र हातवाऱ्यांतून भाषा घडू शकते. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिले, आणि एक नवी भाषा उभी राहिली.