पेटी दोरीला टांगू नका

(आमच्याकडून घरटेपेटी नेणाऱ्या लागवडदारांसाठी)

"महिना झाला, एक पाखरू फिरकलं नाही. येऊन बघा." मार्च-एप्रिलमध्ये असे फोन सुरू होतात. पाटण, जावळी, शिराळा, कुठंही जा, बहुतेक ठिकाणी तेच दिसतं: पेटी फांदीला दोरीनं टांगलेली आणि वाऱ्यावर गरगर फिरतेय.

कारण आम्हाला कळतं. सागाच्या खोडात खिळा राहिला तर करवतीचे दात जातात आणि लाकडाचा भाव पडतो. पण दयाळ, पिंगळा ही ढोलीत राहणारी पाखरं. ढोली हलत नाही. झुलणाऱ्या पेटीत ती सहसा बसत नाहीत. त्यात पेटीचं तोंड जूनमध्ये नैऋत्येला फिरलं तर पाऊस थेट पिल्लांवर.

म्हणूनच पेटीच्या पाठीला आम्ही लांब पट्टी ठोकतो. ती खोडाला टेकवा आणि वर-खाली दोन जागी सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळा. तार नको, ती सालीत रुतते. खोड जाड होतं, म्हणून ट्यूब दर दिवाळीनंतर सोडून पुन्हा बांधा. त्याच वेळी जुनं घरटं काढून पेटी झाडून घ्या. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला, उंची १० ते १५ फूट. जानेवारीच्या आत उरका. मग उघडून बघायचा मोह आवरा.

भोकासमोर दांडी का नाही, असंही विचारतात. ही पाखरं नखांनी लाकूड धरून आत शिरतात. दांडीचा उपयोग कावळ्याला. आतून रंधा आणि रंग मारत नाही तो याचसाठी, पिल्लांना चढून बाहेर यायला पकड लागते.

प्लायच्या पेट्या स्वस्त मिळतात, खरंय. आमची फळी जुन्या वाड्यांच्या सागवानाची, २० मिमी जाड. पावसात तिचे थर सुटत नाहीत, उन्हात आत भट्टी होत नाही. दयाळासाठी भोक ५० मिमी, पिंगळ्यासाठी ७५. कोणासाठी हवी ते आधी सांगा. पोपटाची पिल्लं धरायला पेटी देत नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

साग-निलगिरीची झाडं ढोली धरायच्या आत तोडली जातात, म्हणून पेटी लागते. तरी बांधावर एखादं वाळलेलं झाड असेल तर राहू द्या. तांबट, सुतारपक्षी स्वतः कोरतात, आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत दुसरं कुणीतरी येतं.

पेटीत सातेरी माश्या बसल्या तर धूर करू नका, मधपाळाला बोलवा.

या हंगामापासून प्रत्येक पेटीसोबत ट्यूबच्या दोन पट्ट्या आम्हीच देतोय. बांधून झाल्यावर एक फोटो पाठवा, तोंड चुकलं असेल तर लगेच सांगू.