अमरत्व पेशींना परवडतं, आपल्याला नाही

‘टेलोमेअर वाढवा, तारुण्य टिकवा’ अशा गोळ्यांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. यातला टेलोमेअर (गुणसूत्राचं टोक) हा शब्द अस्सल विज्ञानातला आहे, म्हणून जाहिरात जास्त फसवी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समज असा होता की देह मरतो, पेशी मात्र मुळात अमर असतात. नोबेलविजेते अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या आणि त्या १९४६ पर्यंत वाढत राहिल्याचं सांगितलं गेलं. बहुधा रोजच्या खुराकातून नव्या पेशी आत जात असाव्यात, कारण इतरांना हे कधी जमलं नाही. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. खुराकातच खोट असेल, अशी शंका येणारच. म्हणून त्यांनी म्हाताऱ्या झालेल्या पुरुषपेशी आणि ताज्या स्त्रीपेशी एकाच भांड्यात वाढवल्या. काही काळाने पाहिलं तर फक्त स्त्रीपेशी उरल्या होत्या. भांडं तेच, खुराक तोच. म्हणजे मोजणी पेशीच्या आतच चालू होती.

ती कशी, हे मॉस्कोतल्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांना मेट्रो स्टेशनवर सुचलं. विभागण्याआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते. डीएनए म्हणजे रूळ, आणि गाडी रुळांवरून जाता जाता रुळांची नक्कल करते आहे असं समजा. ती स्वतः जिथे उभी आहे, तेवढा टोकाचा भाग नकलेतून सुटणार! १९७१ साली त्यांनी ही कल्पना मांडली.

तपशील याहून गमतीचा आहे. ही नक्कल करणारं डीएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) दोन बाबतींत हेकट. ते एकाच दिशेने चालतं, आणि कोऱ्या जागी सुरुवात करत नाही. आधी आरएनए या डीएनएसारख्याच रेणूचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, बसवून द्यावा लागतो. मग त्यापुढे ते डीएनएची अक्षरं, म्हणजे त्याचे घटक, जोडतं. डीएनएचे दोन पदर विरुद्ध दिशांनी धावतात, त्यामुळे एकाची नक्कल सलग होते, दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. पुढे प्रायमर काढले जातात आणि ती जागा मागच्या तुकड्याकडून वाढत येणारा डीएनए भरून काढतो. पण अगदी टोकाच्या प्रायमरच्या मागे तुकडाच नाही! ती जागा रिकामीच राहते. म्हणून गुणसूत्राच्या टोकांना ‘टीटीएजीजीजी’ ही सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात, झिजायलाच ठेवलेली. हेच टेलोमेअर. दर विभाजनात साधारण ५० ते १०० अक्षरं जातात. फार झिजलं की पेशी विभागणं थांबवते.

झीज भरून काढणारं टेलोमरेज हे विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना १९८४ मध्ये डबक्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडलं. २००९ चं नोबेल त्यांना जॅक शोस्टाक यांच्यासह मिळालं. आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं. कर्करोगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के गाठींत चालू. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वयाच्या ३१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या गाठीतल्या ‘हेला’ पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून विभागत आहेत. पेशीचं अमरत्व म्हणतात ते हे.

बरं, टेलोमेअर लांब असलं की आयुष्य लांब, असंही नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराचं टेलोमेअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतं आणि तो दोन-तीन वर्षांत आटोपतो. वार्धक्याला इतरही वाटा आहेत. गोळीवाले हे सांगत नाहीत, आणि कायाकल्पाची दुकानं मांडून बसलेले बाबा तर नाहीच नाहीत.

मग अमर व्हायचा ध्यास धरावा का? माझ्या मते नाही. शेवटची दहा वर्षं अंथरुणावर जाऊ नयेत एवढा जरूर धरावा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. ही कमाई लसींची, प्रतिजैविकांची, स्वच्छ पाण्याची आणि सुरक्षित बाळंतपणाची. कमाल वयाचं मात्र तसं नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये गेल्या. त्यांचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.