सागवानी डेकच्या दरजा भरणे

नौकेच्या डेकवर शेजारी शेजारी बसवलेल्या सागाच्या फळ्यांमध्ये जी अरुंद फट राहते तिला दरज म्हणतात. या दरजेत पाणी अडवणारा आणि फळीबरोबर ताणला जाणारा पदार्थ भरलेला असतो. ऊन, खारे पाणी आणि पायांची वर्दळ यांमुळे तो कालांतराने कडक होतो किंवा चिकट पडतो आणि फळीच्या कडेपासून सुटतो. मग जुना खरवडून नवा भरावा लागतो. मुंबई बंदराच्या परिसरात हे काम दोन रीतींनी होते. लाकडी मासेमारी नौकांवर सूत आणि राळ वापरतात, तर शिडाच्या व सहलीच्या नौकांवर रबरासारखे सीलंट.

मुंबईचे आणि सागाचे नाते गोदीइतकेच जुने आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी येथे जहाजबांधणी सुरू केली. १७५० साली बांधलेली बॉम्बे डॉक ही आशियातील पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून टाकून जहाज कोरडे ठेवता येणारी गोदी, मानली जाते. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. विलायती ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागातले तेल उलट त्यांना जपते, शिवाय किडीला आणि कुजीला दाद देत नाही. दरज भरणाऱ्याची अडचणही या तेलातूनच सुरू होते, कारण तेलकट कडेला काहीच नीट चिकटत नाही.

जुन्या रीतीत चिकटण्याचा प्रश्न फारसा येत नसे, कारण दरज चिकटून नव्हे तर दाबून बंद होई. दरज वर रुंद, खाली निमुळती ठेवायची, तीत कापसाच्या सुताचा पीळ बोथट छिन्नीने आणि लाकडी मोगरीने ठासायचा, वरून तेलात वितळवलेली राळ ओतायची. ठोकणाऱ्याचे लक्ष डोळ्यांपेक्षा कानाकडे जास्त असते. मोगरीचा आवाज भदभद येतो तोवर सूत सैल आहे. तो टणक, खणखणीत झाला की हात पुढे सरकतो. त्याहून जास्त ठोकले तर फळीची कड फुटते. नौका पाण्यात गेली की लाकूड फुगते आणि सुताला आणखी आवळते. म्हणूनच बराच काळ किनाऱ्यावर सुकलेली होडी पाण्यात उतरल्यावर सुरुवातीला पाणी घेते आणि मग आपोआप बंद होते. या कामाला व ते करणाऱ्याला जुन्या हिंदुस्तानी खलाशी बोलीत कालापत्ती म्हणत. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘कालाफाते’ या शब्दात सापडते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात वेसावे, मढ, उत्तनच्या किनाऱ्यांवर ओढून ठेवलेल्या नौकांची डागडुजी चालते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ती उरकायची घाई असते.

शिडाच्या आधुनिक नौकांवर ही रीत चालत नाही. तेथे सागाच्या फळ्या बहुधा ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि खालच्या फायबरच्या किंवा प्लायच्या थरावर चिकटवलेल्या असतात. अशा फळीत सूत ठासले तर फळीच उखडेल. म्हणून तेथे सुमारे ४ ते ६ मिलिमीटर रुंदीची चौकोनी खाच ठेवून ती पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन जातीच्या सीलंटने भरतात.

दरज सुटली आहे का, हे ओळखायची साधी परीक्षा आहे. डेक पाण्याने भिजवावा आणि सुकताना पाहावा. सगळी फळी फिकी पडल्यावरही एखाद्या दरजेच्या कडेला ओली काळपट रेघ रेंगाळली, तर तेथे पाणी आत शिरलेले आहे. हे पाणी खालच्या थरात मुरते, प्लाय कुजवते आणि स्क्रूच्या भोकांवाटे केबिनमध्ये उतरते. गळती जेथे दिसते तेथेच ती सुरू झालेली असेल असे नाही, म्हणून एकच दरज भरून समाधान मानू नये.

जुने सीलंट काढताना दोन्ही कडांना धारदार सुरी फिरवायची आणि मधली पट्टी आकड्याने ओढून काढायची. कडेला राहिलेला पापुद्रा पॉलिश पेपरने घासून कोरे लाकूड दिसेपर्यंत जायचे. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. मग स्वच्छ पांढऱ्या फडक्याने ॲसिटोन फिरवायचे, म्हणजे वरचे तेल निघते. फडके पिवळट होत राहील तोवर ते बदलत राहायचे. ॲसिटोन पूर्ण उडाल्यावर लगेच प्रायमर, म्हणजे सीलंटला लाकडाशी धरून ठेवणारा पातळ थर, लावायचा, कारण उशीर केला तर आतले तेल पुन्हा वर येते. एकूण कष्टांचा मोठा वाटा या सफाईतच जातो आणि काम टिकणार की नाही तेही येथेच ठरते. भरण्याचे काम त्यामानाने सोपे.

यानंतरची एक पायरी वगळण्याचा मोह अनेकांना होतो. खाचेच्या तळाशी न चिकटणारी पातळ टेप घालावी लागते. साग ओलीने फुगतो, उन्हात आक्रसतो, त्यामुळे दरज रुंद-अरुंद होत राहते. सीलंट फक्त दोन कडांना धरलेले असेल तर ते मोकळेपणी ताणले जाते. तळालाही धरले तर ताण कडांवर येतो आणि तेथेच ते फाटते. टेप न घातलेल्या एका नौकेची दरज मी उकरताना पाहिली आहे. रबरी पट्टी तळाला इतकी घट्ट की पटाशी लावावी लागली, आणि दोन्ही कडांना इतकी मोकळी की फटीत नख सहज शिरत होते.

भरताना नळकांडीचे तोंड तळाला टेकवून सावकाश ओढायचे, म्हणजे खाली हवा अडकत नाही. दरज काठोकाठपेक्षा थोडी वर भरायची, पात्याने एकदा दाबायची आणि साय धरण्याआधी फळ्यांवर कडेलगत आधी लावलेली मास्किंग टेप काढायची. पूर्ण घट्ट व्हायला काही दिवस लागतात. घाईने पॉलिश पेपर फिरवला तर सीलंट ओरबाडून निघते.

मालाचा हिशेब आधी केलेला बरा. दरज ५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल असेल तर एका मीटरला ३० मिलिलिटर सीलंट लागते. ३१० मिलिलिटरच्या नळकांडीत जेमतेम १० मीटर भरते. दरजांमधले अंतर ५० मिलिमीटर असेल तर प्रत्येक चौरस मीटर डेकमध्ये २० मीटर दरज येते. म्हणजे १० चौरस मीटरच्या लहानशा डेकलाही सुमारे २० नळकांडी हवीत, आणि वाया जाणारे धरून त्याहून चार जास्त.

मुंबईच्या हवेत या कामाची वेळ निवडणे सोपे नाही. पावसाळ्यात नौका आयती किनाऱ्यावर असते, पण लाकूड ओले असते. ओल्या सागावर भरलेली दरज टिकत नाही. वर ताडपत्रीची भक्कम शेड आणि हातात ओल मोजायचे मीटर असेल तरच त्या दिवसांत हात घालावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही सकाळी चढत्या उन्हात भरू नये: लाकूड तापते, आतली हवा फुगते आणि सीलंटमध्ये बुडबुडे धरतात. दुपार कलल्यावर लाकूड निवू लागते तेव्हा भरावे. हवेतली ओल शोषून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनवर मुंबईच्या दमट हवेत साय लवकर धरते; त्यामुळे एका वेळी दोन-तीन मीटरच हाती घेणे शहाणपणाचे.

नव्या दरजांचे आयुष्य पुढे डेक कसा धुतला जातो यावर बरेचसे अवलंबून असते. दाबाच्या पाण्याचा फवारा आणि आम्लयुक्त क्लीनर सागाचा मऊ भाग खाऊन टाकतात, फळी खाली बसते आणि सीलंट उंचवट्यासारखे वर राहते. ते समतल करायला पुन्हा घासावे तर फळी पातळ होते आणि खाच उथळ. मऊ ब्रश, समुद्राचे पाणी आणि लाकडाच्या रेषेला आडवा हात एवढे धुण्याला पुरते.