डोळा पांढराशुभ्र, पण वर फिरेना

ठाण्यात हंडीचे थर कोसळले की कुणाचा तरी गुडघा कुणाच्या तरी डोळ्यावर बसतो. ऐरोली-कोपरखैरण्याच्या मैदानांत तेच काम क्रिकेटचा चेंडू करतो. सूज उतरल्यावर मुलगा सांगतो, एकाचे दोन दिसतात. घरचे म्हणतात, नस दबली असेल. खरंच नस, की हाडात अडकलेला स्नायू?

1957 मध्ये न्यूयॉर्कच्या स्मिथ आणि रीगन या डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून हातोडा मारला. डोळ्याच्या खोबणीची कड शाबूत राहिली आणि कागदासारखा पातळ तळ खाली फुटला. ‘ब्लोआउट फ्रॅक्चर’ हे नाव तिथलं. त्या फटीत डोळा खाली वळवणारा स्नायू अडकतो, असा समज पक्का झाला आणि शस्त्रक्रियांची घाई सुरू झाली. 1974 मध्ये डॉ. पटरमन यांनी शस्त्रक्रियेविना बरे होणारे रुग्ण दाखवून त्या घाईला लगाम घातला. त्याच दशकात नेदरलँड्सच्या कोर्नेफ यांनी खोबणीतल्या चरबीला आणि स्नायूंना बांधणारं पडद्यांचं जाळं उलगडलं. म्हणजे नुसती चरबी अडकली तरी स्नायू ओढला जातो.

नसांची गोष्ट वेगळी. तळातून जाणारी नस दुखावली तर गाल आणि वरचा ओठ बधिर होतो, डोळ्याची हालचाल मात्र बिघडत नाही. मेंदूतून येणारी चौथी नस इतकी बारीक, की हाड न मोडताही डोक्याच्या माराने दुखावते. मग स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना पायऱ्या दुहेरी दिसतात. फरक कळायला डॉक्टर डोळा बधिर करून चिमट्याने हलवून बघतात. हलला नाही तर अडकलाय. सहज हलला तर दोष बहुधा नसेचा.

सगळ्यात जास्त चुकामूक लहान मुलांत होते, आणि मला तीच बोचते. त्यांचं लवचिक हाड झडपेसारखं उघडून पुन्हा मिटतं आणि स्नायू चिमटीत धरतं. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, म्हणून 1998 मध्ये जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी याला ‘व्हाइट-आइड ब्लोआउट’ म्हटलं. मुलाला उलट्या होतात, नाडी मंदावते. डोक्याला मार समजून सगळं लक्ष मेंदूकडे जातं. इकडे स्नायूचा रक्तपुरवठा तुटत असतो. इथे थांबणं परवडत नाही, एक-दोन दिवसांतच तो सोडवावा लागतो. मान स्थिर ठेवून मुलाला फक्त वर बघायला सांगितलं, तरी तो डोळा मागे राहिलेला दिसतो.