अक्षरांवरून लांब इंग्रजी शब्द शोधणे

ठरावीक अक्षरे ज्यांच्या स्पेलिंगमध्ये येतात असे इंग्रजी शब्द हुडकायचे आणि त्यांतला सर्वांत लांब निवडायचा, हा शब्दकोडी, स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द करण्याचा खेळ) आणि अनॅग्रॅम (एका शब्दाची अक्षरे हलवून दुसरा शब्द करणे) यांच्या मुळाशी असलेला उद्योग आहे. छापील शब्दकोश या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण तो पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. ‘क्यू’ने सुरू होणारे शब्द तो लगेच दाखवतो. पोटात ‘क्यू’ असलेले शब्द हवे असतील तर मात्र सगळी पाने चाळण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे या शोधाच्या बहुतेक पद्धती म्हणजे तोच शब्दसाठा वेगळ्या क्रमाने लावण्याच्या युक्त्या आहेत.

जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या कोशात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावलेले होते. हेतू यमक आणि उच्चार यांचा होता, पण शेवट तेवढा ठाऊक असलेला शब्द त्यामुळे सापडू लागला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर या कोशसंस्थेनेही उलट्या स्पेलिंगची तीन लाखांहून अधिक कार्डे तयार करून ठेवली होती.

‘ही अक्षरे असलेला शब्द’ ही अट दिसते तितकी सरळ नाही. अक्षरे कुठेही, कशीही आलेली चालतील की दिलेल्या क्रमानेच हवीत? ‘फसीशस’ आणि ‘अब्स्टीमियस’ या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर क्रमाने येतात, पण मध्ये व्यंजने आहेत. अक्षरे सलग हवीत, अशी अट घातली तर ‘लॅचस्ट्रिंग’सारखे शब्द पुढे येतात, कारण त्यात टी, सी, एच, एस, टी, आर ही सहा व्यंजने एकापुढे एक उभी आहेत. एखादे अक्षर दोनदा मागितले असेल, तर दोनदा मोजावे लागते. ‘बुककीपर’मध्ये ओ, के आणि ई यांच्या तीन जोड्या लागोपाठ येतात. ‘फक्त हीच अक्षरे, दुसरे कोणतेही नको’ ही अट तर वेगळाच खेळ आहे. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या अक्षरांवर ‘टाइपरायटर’ हा दहा अक्षरी शब्द पुरा होतो. कोणतेही अक्षर पुन्हा येऊ द्यायचे नसेल, तर १५ अक्षरी ‘अनकॉपीराइटेबल’ हाताशी असतो. (अक्षर म्हणजे येथे स्पेलिंगमधले लेटर. ‘स्ट्रेंग्थ्स’ देवनागरीत दोन अक्षरांत मावतो, इंग्रजीत त्याला नऊ लागतात आणि त्यांत स्वर एकच.)

हाताने शोधताना दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. कोणते अक्षर किती दुर्मीळ, याचा तयार तक्ता स्क्रॅबलच्या सोंगट्यांवर छापलेला असतो. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून ते आकडे ठरवले होते. ‘ई’च्या १२ सोंगट्या, प्रत्येकी एक गुण, ‘जे’ आणि ‘एक्स’ची प्रत्येकी एकच, आठ गुणांची, ‘क्यू’ आणि ‘झेड’चीही एकेकच, पण दहा गुणांची. तेव्हा शब्दात ‘ई’ हवा, या अटीने फारसे काही गाळले जात नाही. ‘जे’ आणि ‘एक्स’ दोन्ही हवेत म्हटले, की यादी एकदम आक्रसते: जिंक्स, ज्यूकबॉक्स, जक्स्टपोझ. आता शेपूट लावून पाहायचे. ‘जक्स्टपोझ’चे ‘जक्स्टपझिशन’ केले की नऊ अक्षरांची १३ होतात, त्याला ‘एएल’ जोडले की १५. इंग्रजी शब्दाची लांबी पुष्कळदा धडापेक्षा शेपटीत असते. म्हणून टीआयओएन, आयएनजी, एनईएसएस असे प्रत्यय अक्षरांतून जमत असतील तर ते आधी बाजूला काढून ठेवावेत. उरलेल्या चार-पाच अक्षरांकडे पाहणे सोपे जाते.

मुरलेले स्क्रॅबलपटू आणखी एक गोष्ट करतात. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावली की जी मालिका मिळते ती पाठ करतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही मालिका पुढ्यात आली, की रिटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, रेटिनाज हे शब्द त्यांना आपोआप दिसतात, आणि सातही सोंगट्या एका खेळीत लावल्याचे ५० जादा गुण पदरात पडतात. संगणकावर अनॅग्रॅम काढण्याची रीतही हीच आहे. सगळ्या कोशाच्या अशा मालिका करायच्या आणि एकसारख्या एकत्र आणायच्या. ‘कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘कॉन्झर्व्हेशन’ या दोन्हींची १२ अक्षरे तीच निघतात. ‘सिनेमॅटोग्राफर’ची १५ अक्षरे हलवली तर मोठ्या फलाहारी वटवाघळांसाठीचा ‘मेगाकायरॉप्टरन’ हा शब्द तयार होतो. ही जोडी नुसत्या नजरेने कोणाला सुचली असती असे वाटत नाही.

‘अमुक अक्षरे आहेत का’ एवढेच पाहायचे असेल तर प्रत्येक शब्दासाठी २६ घरांची पट्टी करतात. शब्दात असलेल्या अक्षराच्या घरात एक, नसलेल्याच्या घरात शून्य. मागितलेल्या अक्षरांची पट्टी तिच्यावर ठेवून पाहिली, की लाखो शब्द निमिषात चाळून होतात. यादी आधीच लांबीच्या उतरत्या क्रमाने लावलेली असेल तर पहिला जुळणारा शब्द हेच उत्तर. अक्षर किती वेळा आले हे मात्र या पट्टीवरून कळत नाही. ते नंतर मोजावे लागते. संगणकाच्या युनिक्स प्रणालीतील ‘ग्रेप’ ही आज्ञा साच्यावरून शब्द शोधते, त्यामुळे क्रमाच्या आणि सलगपणाच्या अटींना ती सोयीची पडते. स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये वेगळी मांडणी सुचवली. तिच्यात समान सुरुवाती आणि समान शेवट एकदाच साठवले जातात, त्यामुळे सगळा कोश थोड्या जागेत बसतो आणि चुकीच्या वाटा लवकर सोडून देता येतात.

उत्तर कोणते येईल हे मात्र यादीवर अवलंबून असते. काही याद्यांत फुप्फुसाच्या विकारासाठीचा ४५ अक्षरी शब्द असतो, आणि त्याची अक्षरे मागितली की लांबीत तोच बाजी मारतो. पण तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या एका कोडेप्रेमी संघटनेच्या अध्यक्षांनी लांबीसाठीच रचलेला आहे. असे शब्द आधीच वगळलेले बरे. २९ अक्षरी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ निदान जुना आहे. त्यात ‘आय’ नऊ वेळा येतो आणि ‘ई’ एकदाही नाही. स्क्रॅबलमध्ये हा वाद उद्भवत नाही, कारण पटाची ओळच १५ घरांची असते.