पार्श्वभूमी : वेळ सांगणारा सर्व्हर खरा कशावरून?

गिरण्यांच्या काळात सोलापूरकर भोंग्यावर घड्याळ लावत. भोंगा कुठल्या गिरणीचा, हे सगळ्या पेठांना ठाऊक असे. नेटवर्कवरून येणाऱ्या वेळेच्या पॅकेटला अशी ओळख नसते. पत्ता खोटा घालून कोणीही ते पाठवू शकतो.

नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत म्हणजे एनटीपी. तिचे पहिले रूप 1985 चे. दोन्हीकडे ठेवलेली सामाईक की (गुप्त किल्ली) वापरून पॅकेट तपासण्याची सोय 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पुढे या तपासणीसाठी एमडी5 हे गणिती सूत्र रुळले आणि नको तितके टिकले. 2010 मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर आलेली ऑटोकी ही सर्व्हरची ओळख पटवण्याची पद्धत काही वर्षांतच कमकुवत ठरली.

खरा घोळ मात्र सिस्कोसारख्या राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे. 'एनटीपी ऑथेंटिकेट' ही ओळ टाकली की काम झाले, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. की तयार करावी लागते, ती 'ट्रस्टेड' म्हणून नोंदवावी लागते आणि 'एनटीपी सर्व्हर'च्या ओळीत त्याच कीचा क्रमांक लिहावा लागतो. नेमका तो क्रमांक राहिला, तर राउटर त्या सर्व्हरची वेळ न तपासताच घेतो, आणि घड्याळ जुळलेले दिसल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. म्हणून 'शो एनटीपी असोसिएशन्स डिटेल'मध्ये त्या सर्व्हरपुढे 'ऑथेंटिकेटेड' दिसते का, हे पाहावेच.

दुसरा गैरसमज तपासणीच्या दिशेचा. इथे वेळ घेणारा वेळ देणाऱ्याची खात्री करतो. कीविना विचारणाऱ्यालाही सर्व्हर उत्तर देतोच. त्याला अडवायचे तर अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणाला परवानगी त्या पत्त्यांची यादी) वेगळी लावावी लागते. हा आराखडा मला योग्य वाटतो, कारण खोट्या वेळेचे नुकसान घेणाऱ्याचे होते. आज्ञांची नावे मात्र याचा काहीच अंदाज देत नाहीत, हा दोष मोठा आहे.

एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय यंत्रणेने संस्थांना सरकारी वेळ सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवायला आणि लॉग (यंत्रांतल्या घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस ठेवायला सांगितले. तेव्हापासून अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीतल्या कारखान्यालाही हा विषय टाळता येत नाही. त्यात वीज जाते. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेले काही जुने राउटर पुन्हा सुरू होताना 1 मार्च 1993 दाखवतात, आणि वेळ जुळेपर्यंतचे लॉग कॅमेऱ्याच्या चित्रणाशी लावता येत नाहीत.

2019 मध्ये एमडी5 ऐवजी एईएस-सीमॅक हे अधिक भक्कम सूत्र वापरण्याची शिफारस झाली. 2020 मध्ये एनटीएस, म्हणजे एनटीपीला सुरक्षा देणारी नवी पद्धत, आले. त्यात टीएलएसने (सुरक्षित वेबसाइट वापरतात त्याच पद्धतीने) की ठरते, त्यामुळे ती हाताने वाटावी लागत नाही. पण सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत तपासायला घड्याळ आधी जवळपास बरोबर हवे, आणि 1993 मध्ये जागा झालेला राउटर तिथेच अडतो. अनेक स्विचवर एनटीएस अजून आलेलेही नाही. तोवर एईएस-सीमॅक चालत असेल तिथे तीच की घालावी, आणि एकच की साऱ्या शाखांत वाटू नये. ती ज्याच्या हाती पडेल, तो वेळेचा सर्व्हर असल्याचे सोंग घेऊ शकतो.